वरच्या मजल्यावरची साखर

६ जानेवारी

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. यांच्या कारखान्यातल्या कारकुनाने कोरीच टाकून दिली होती, म्हणून फुकट मिळाली. तारखा जुळतात, वार जुळत नाहीत. वार खोडून नवे लिहायचे की तसेच ठेवायचे, यावर लेकीशी वाद झाला. ती म्हणाली, "तसेच ठेव आई, तेवढीच शाई वाचेल." सल्ला होता की टोमणा, ते कळलं नाही. वार तसेच ठेवलेत.

बाटल्यांच्या कारखान्यातली एक भट्टी बंद झाली. यांच्या पाळ्या निम्म्यावर आल्या, म्हणजे पगारही. भट्टी मे महिन्यात परत पेटेल म्हणतात. तोवर भाडं थकवायचं नाही आणि कुणापुढे हात पसरायचा नाही, असं मी, हे आणि सासूबाई अशा तिघांनी बसून ठरवलं. लेकीला विचारलं नाही. ती नववीत आहे. तिला एक विचारलं की चार प्रश्न परत येतात. आम्ही तिला वकीलच म्हणतो.

घर चालवणं माझ्याकडे आहे. तेव्हा ही लढाईही माझीच, असं मी मनाशी म्हटलं. लढाई कुणाशी, ते मात्र लिहिता लिहिता सुचेना.

११ जानेवारी

इमारतीत माझं नाव 'चिमूटबाई' पडलंय. जिना उतरताना दोघींचं बोलणं कानावर आलं. "तिच्याकडे मीठ मागितलं तर चिमटीने देते, आणि चिमूट परत मागते."

साफ खोटं. मी परत मागितलं नव्हतं. नुसती आठवण केली होती.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या पदराआड हसल्या. म्हणाल्या, "नाव पडलं म्हणजे काम नीट चाललंय."

१५ जानेवारी

दुपारी दारावर टकटक. दातांच्या डॉक्टरांची बायको. बरोबर आमच्या डोक्यावर राहते. कधी जिन्यात दिसली तर मान हलवून पुढे जाते. आज दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही.

"ताई, तुम्ही घरखर्च खूप कमी केलाय म्हणे. मला शिकवाल?"

मला वाटलं, चिमूटबाईची थट्टा करायला कुणी पाठवलंय. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"तुम्हाला काय गरज वहिनी?" मी विचारलं.

"गरज म्हणजे... असंच. फक्त एक आहे. दिसता कामा नये."

"काय दिसता कामा नये?"

"कमी झालेलं."

मी विचारात पडले. आम्ही काटकसर करतो तेव्हा पहिल्यांदा तीच दिसते. ताटात दिसते, अंगावर दिसते, लेकीच्या तोंडावर तर दुरून दिसते. न दिसणारी काटकसर कशी करायची? पण कुणी काही शिकव म्हणाल्यावर मला नाही म्हणवत नाही. लग्नानंतर मला कुणी असं काही विचारलंच नव्हतं.

१६ जानेवारी

वर जाऊन आले. डॉक्टर दवाखान्यात गेल्यावर या म्हणाली होती, तशी गेले.

काय स्वयंपाकघर! डबे एकाला एक जोडून, सगळे काठोकाठ भरलेले. दुकानदार महिन्याचं सामान घरी पोचवतो, पैसे डॉक्टर परस्पर देतात. पावती तेच लावून ठेवतात. मी म्हटलं, "मग तुमच्या हातखर्चाचं?"

"माझ्या हातात पैसे नसतात. मला काय लागतात?" हे ती अशा सुरात म्हणाली की जणू दुसऱ्याचं वाक्य वाचून दाखवत होती.

दर रविवारी डॉक्टर स्वतः डबे उघडून बघतात. किती उतरलं, का उतरलं, विचारतात. मला इतकं कौतुक वाटलं! आमच्या यांना साखरेचा डबा कोणता तेसुद्धा ठाऊक नाही. मी तसं म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "हो, फार लक्ष असतं त्यांचं," आणि ओटा पुसू लागल्या. ओटा स्वच्छच होता.

दिसू न देण्याची युक्ती मला तिथल्या तिथे सुचली. डब्याच्या तळाशी वाटी पालथी घालायची आणि वरून साखर भरायची. डबा भरलेला दिसतो. तेल बाटलीतून ओतायचं नाही, फडक्याच्या बोळ्याने तव्याला पुसायचं. चहात पूड निम्मी, उकळी दुप्पट. वहिनी एकेक गोष्ट ओठ हलवून पाठ करत होत्या, परीक्षेला बसल्यासारख्या.

खाली आल्यावर मला वाटलं, एका घरात दोन काटकसरी माणसं, आणि एकमेकांपासून लपवतात. अजबच.

२३ जानेवारी

वहिनी पिशवी घेऊन आल्या. साखर, तेलाची बाटली, चहा, दोन साबण. म्हणाल्या, "एवढं वाचलं. तुम्ही घ्याल का? दुकानात पडतात त्याच्या निम्मे द्या."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग हातात पिशवी आली. निम्म्या किमतीत साखर म्हणजे या महिन्यात भाड्याला हात लावावा लागणार नाही. मी पैसे दिले. त्यांनी ते न मोजता ब्लाऊजमध्ये सरकवले. माझ्यासमोर पैसे न मोजणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी हे म्हणाले, "चोरीचा माल तर नाही ना?"

"स्वतःच्या घरातला माल चोरीचा कसा असेल?"

"मग स्वतःच्या घरातला माल विकायचा कशाला?"

मी म्हटलं, उद्या वहिनींनाच विचारते. सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विचारू नकोस. विचारलंस तर बिचारीला खोटं बोलावं लागेल."

"खोटं कशाला बोलतील?"

"लसूण संपला," त्या म्हणाल्या. समोर गड्डा तसाच होता.

२ फेब्रुवारी

आज रविवार. मीही डॉक्टरांसारखे डबे तपासायला सुरुवात केली. चांगली सवय कुणाकडूनही घ्यावी. सगळ्यांना ओट्याजवळ बोलावलं आणि एकेक झाकण उघडलं. बिस्किटं अपेक्षेपेक्षा कमी निघाली.

"कुणी खाल्ली?"

हे खिडकीबाहेर बघू लागले. सासूबाई म्हणाल्या, "मला दात कुठे आहेत?" वकील म्हणाली, "आरोप सिद्ध करा."

शेवटी यांनी हात वर केला. कारखान्यातून येताना फार भूक लागते म्हणाले. चुकलेल्या मुलासारखे बोलत होते. मी म्हटलं, "सांगून घेत जा." एवढंच म्हटलं. तरी जेवताना यांनी दुसरी पोळी मागितली नाही. शिस्त लागली की सुरुवातीला असं होतच असेल.

१३ फेब्रुवारी

वहिनी आता आठवड्यातून एकदा येतात. आता आतही येतात, बसतातसुद्धा. आज चहा घेता घेता सासूबाईंना म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कधी एकट्याने लांबचा प्रवास केलाय?"

"केलाय की. ही माझी पोटात असताना," म्हणजे माझी नणंद, "सासरहून माहेरी गेले. दोन गाड्या बदलून. एका बाकावर बसून रात्र काढली."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण भीती काय, गाडीत शेजारी बसते. तिकीट काढत नाही."

वहिनी यावर किती तरी वेळ हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मी पाठ चोळली. म्हटलं, "कुठे सहलीला निघालात की काय?"

"बहीण आहे माझी. फार लांब असते. बऱ्याच वर्षांत भेट नाही."

"मग डॉक्टरांना सांगा की, नेऊन आणतील."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझा कप बशीवर आपटला. मी काय वावगं बोलले?

२० फेब्रुवारी

आजपासून यांच्याकडून बसची तिकिटं मागायला लागले. ते बसने जातात म्हणतात आणि जातात कधी कधी पायी, त्या पैशांचं काय करतात ते कळायला हवं. त्यांनी खिसा उलटा करून दाखवला. एक तिकीट, एक बटण, शेंगदाण्याची सालं.

"झडती झाली?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने: "तू वरच्या डॉक्टरांकडे दात दाखवायला जातेस की अक्कल शिकायला?"

यांचा आवाज कधी चढत नाही. आजही चढला नाही. उतरला होता. चढलेल्या आवाजाला उत्तर देता येतं, उतरलेल्याला काय देणार? हे सगळं मी कुणासाठी करते? माझ्या स्वतःच्या तोंडात कधी बिस्किट जातं का?

ही ओळ लिहून झाल्यावर आठवलं, परवा एक गेलं होतं. पण ते तुटकं होतं.

२६ फेब्रुवारी

आज जिन्यात डॉक्टर भेटले. नेहमीसारखे नीटनेटके, बुटांना चमक. मी अंग चोरून उभी राहिले, तर तेच थांबले. "वहिनी, ऐकतो की तुम्ही घर फार हिशेबात चालवता. आजकाल असं कोण करतं?"

माझे कान गरम झाले. इतक्या दिवसांत चिमूटबाईचं कौतुक पहिल्यांदा झालं. मी म्हटलं, "अहो, तुमच्या घरातही काही कमी नाही. वहिनी तर..."

"ती?" ते हसले. "तिला पैशातलं काही कळत नाही. दुकानात सोडलं तर रडत परत येईल."

मला राग आला, माझ्या विद्यार्थिनीबद्दल कुणी असं बोललं म्हणून. मी म्हटलं, "असं नका म्हणू. त्यांनी किती वाचवलंय तुम्हाला कल्पना..."

"सूनबाई! दूध उतू चाललंय!" आतून सासूबाईंची आरोळी. मी धावत आत गेले. गॅस बंद. दूध नव्हतंच, दूध घ्यायचं आम्ही बंद केलंय.

सासूबाई भिंतीला टेकून धापा टाकत होत्या. "दार लाव," म्हणाल्या.

"आई, दूध कुठाय?"

"दार लाव आधी."

मला वाटतं त्यांना आताशा भास होतात. डॉक्टरला दाखवायला हवं. पण डॉक्टर म्हणजे खर्च.

७ मार्च

डोकं भणभणतंय. नीट क्रमाने लिहिते.

सकाळी वहिनी आल्या. पायात चपला नव्हत्या. म्हणाल्या, डॉक्टरांनी काल वजनकाटा आणला. परवा रविवारी प्रत्येक डबा रिकामा करून तोलणार. "तू काय वाचवतेस ते बघू," असं म्हणाले म्हणे. एवढं सांगून त्या आमच्या जमिनीवर खाली बसल्या.

मी म्हटलं, "मग चांगलंच आहे! सांगून टाका ना, एवढं वाचवलं म्हणून. खूश होतील."

लेक शाळेसाठी वेणी घालत होती, तिचे हात थांबले. ती वहिनींकडे बघत होती, मग आजीकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, "आई, तू थोडा वेळ बोलू नकोस." असं ती कधी म्हणत नाही. म्हणजे म्हणते, पण अशा आवाजात नाही.

सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि सरळ माझ्या डब्यांपाशी गेल्या. साखर काढली. तेल काढलं. चहा, साबण, तांदूळ. वहिनींकडून आलेलं बरंचसं आम्ही खाऊन बसलोय, तर सासूबाईंनी आमचं, आम्ही दुकानातून पूर्ण पैशाने आणलेलं काढलं.

"आई, हे आपलं आहे!"

"माहीत आहे."

"महिना जायचाय अजून!"

"जाईल."

वहिनींनी ब्लाऊजमधून पैशांची पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे धरली. सासूबाईंनी त्यांची मूठ आपल्या हाताने मिटली. "हे ठेव तू. हे परत आणायला कुणी सांगितलं नाही."

म्हणजे पैसेही गेले आणि मालही गेला! हा कुठला व्यवहार? मी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनींचे पाय दिसले. थंड फरशीवर बोटं आवळून धरली होती, लहान मुलगी बोलणी खाताना धरते तशी. मी काय बोलणार होते ते विसरले. तेलाचा डबा उचलला आणि त्यांच्या मागोमाग जिना चढले. पालथ्या वाट्या आम्ही दोघींनी मिळून बाहेर काढल्या.

आता माझ्या फळीवर बटाटे, कांदे आणि अर्धी पिशवी पीठ आहे. मला अजून राग येतोय. कुणाचा ते ठरवता येत नाही, म्हणून तो येतोय आणि परत जातोय.

१० मार्च

काल दिवसभर वरून आवाज येत होता. डबा ठेवल्याचा, मग गप्प, मग दुसरा डबा. आम्ही चौघं खाली बसून छताकडे बघत होतो. सगळे डबे झाल्यावर खुर्ची सरकली आणि नेहमीचा रेडिओ लागला. सासूबाईंनी सोडलेला श्वास आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

लेकीने विचारलं, "आज जेवायला काय?"

"बटाटे."

"आणि उद्या?"

"बटाट्यांनाच विचार," हे म्हणाले, "ते ठरवतील."

१४ मार्च

वहिनी गेल्या.

डॉक्टर संध्याकाळी खाली आले. दारात उभे, बुटांना आजही चमक. "तुमच्याकडे काही बोलली होती का?"

मी खरंच सांगितलं की मला काही माहीत नाही. माहीत नव्हतंच. तरी मला खोटं बोलल्यासारखं वाटलं.

"घरातून एक चमचा हललेला नाही," ते म्हणाले. "मी सगळं तोललं. पैसे तिच्याकडे नव्हतेच, मी कधी दिलेच नाहीत. मग गेली कशी?"

"चालत गेली असेल," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते वर गेले. मी उभीच होते. 'मी कधी दिलेच नाहीत.' किती सहज म्हणाले. जानेवारीत हेच ऐकून मी काय म्हटलं होतं? त्यांच्या डबे तपासण्याचं कौतुक केलं होतं. मागची पानं उलटून बघितली नाहीत. आठवतंय.

लेक म्हणाली, "पोचली असेल ना गं आजी?"

"आता कुठे निघालीय," त्या म्हणाल्या.

१९ मार्च

डॉक्टरांनी वर बोलावलं. एकटीच गेले.

म्हणाले, "घर बघायला माणूस हवंय. दोन वेळचं रांधायचं, सामानावर लक्ष ठेवायचं. तुमच्याइतकी हिशेबी बाई मला मिळणार नाही." मग पगार सांगितला. यांच्या निम्म्या पाळ्यांना मिळतो त्याच्याहून जास्त. मे महिन्याची वाट बघायला नको. भाडं, लेकीची राहिलेली शाळेची सहल, सासूबाईंचं दूध, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. माझं उत्तर 'हो' होतं. मला पक्कं माहीत आहे.

"चहा घ्या," म्हणाले. स्वतः डबा उघडला, पूड काट्यावर घेतली, थोडी परत डब्यात टाकली. काम मन लावून करत होते. वाईट दिसत नव्हते. मी घरी करते तेव्हा जशी दिसत असेन, तसेच दिसत होते. मान थोडी कलती, ओठ घट्ट.

"तिला हे कधी जमलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सांगावं लागणार नाही. आपण दोघं एका स्वभावाचे."

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि "नाही" म्हणाले. आम्ही दोघंही चकित झालो. "पगार कमी वाटतो का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पगार चांगला आहे. "मग?" चहा तसाच ठेवून आले. कठडा धरून उतरले.

२० मार्च

घरात सांगितलं. मला वाटलं हे चिडतील. एवढा पगार नाकारला. ते नुसते "बरं" म्हणाले. सासूबाईंनी बटाट्याची फोड माझ्या ताटात सरकवली.

शेवटी विचारलंच, "एक सांगा. तुम्हाला सगळ्यांना माझी भीती वाटते का?"

विचारलं आणि वाटलं, आता तिघंही एकदम 'काहीतरीच काय!' म्हणतील. तसं झालं नाही. हे ताटाकडे बघत राहिले. सासूबाई पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवायला त्यांनी फार वेळ लावला.

मग वकील म्हणाली, "तुझी नाही गं. रविवारी वाटते."

यांना हसू फुटलं. मग सासूबाईंना. मग ती स्वतःही हसायला लागली आणि तिघांचं काही थांबेना. हे डोळे पुसत म्हणाले, "आता डब्यात आहे काय बघायला? येत्या रविवारी तू पण बस आमच्यात." मी त्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत होते. थट्टा होती की खरं होतं, ते मला अजूनही कळलेलं नाही.

हसले मीसुद्धा. पण सगळ्यांच्या नंतर.